मार्करांनी हरायचं असतं

ज्या माणसाला मी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा हरवत होते, त्याने जूनमधल्या एका शनिवारी सकाळी मला सहा-शून्य, सहा-शून्य असं धुऊन काढलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, ठाणे जिल्ह्यातल्या मुलींमध्ये पहिली. तो माणूस पंचावन्नच्या पुढचा, आणि त्याचं काम कंपनीच्या टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेघा ओढण्याचं. घरी परतताना मला समोरचा रस्ता दिसत नव्हता. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. वर्तकनगरच्या नाक्यावर मी एका उभ्या रिक्षाला जाऊन धडकले आणि रिक्षावाल्याने मला चांगलं सुनावलं. आज पन्नाशी ओलांडली तरी त्या सकाळचा धक्का पुरता ओसरलाय असं म्हणवत नाही. दहा वर्षांनी त्यावर दुसरा धक्का बसला, तो पहिल्यापेक्षा भारी. पण आधी माणूस सांगायला हवा, नाहीतर धक्का कळायचा नाही.

माझे वडील एका मोठ्या कारखान्यात असिस्टंट फोरमन होते. आम्हा लोकांच्या इमारती वर्तकनगरात, आणि तिथून दहा मिनिटांवर, डोंगराच्या अंगाला, साहेबांचे बंगले. बंगल्यांच्या मधोमध क्लब. क्लबात कॅरमची खोली, एक टीव्ही आणि मागच्या बाजूला तांबड्या मुरमाचं टेनिस कोर्ट. या कोर्टाचा सगळा कारभार ज्याच्याकडे, तो मार्कर. टेनिसच्या दुनियेत हा एक हुद्दा असतो, बाहेर तो कुणाला ठाऊक नसतो. कोर्टाला पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, रेघा ओढायच्या, नेट ताणायचं, रॅकेटची तार तुटली तर नवी विणायची, आणि ज्या मेंबरला जोडीदार नाही त्याच्याशी खेळायचं. नाव त्यांना होतंच, हजेरीपटावर असणार. पण साहेब लोक नुसतं ‘मार्कर’ म्हणत आणि आम्ही मुलं ‘मार्करकाका’.

ते कळव्याच्या कोळ्यांतले. रोज सकाळी खाडीवरचा पूल ओलांडून सायकलने येत, दांडीला काथ्याने बांधलेली लाकडी रॅकेट. ग्रॅफाइटच्या रॅकेटी तोवर साहेबांकडे आल्या होत्या, पण यांचं लाकूड सुटलं नाही. अंगात कडक इस्त्रीची पांढरी पँट, वर बनियन, आणि पाय अनवाणी. क्लबाने दिलेले बूट त्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असत, तसेच, कोरे. अनवाणी पायाला बरोबर कळतं कोर्टाला पाणी कुठे कमी पडलं, असं ते सांगत आणि मग त्या जागेवर जाऊन एक तांब्या ओतत. दवाने ओले झालेले बॉल ते बायकोच्या जुन्या सुपात घालून उन्हात ठेवत आणि मधूनमधून पाखडत. एकदा जनरल मॅनेजरच्या बाईंनी नाक मुरडून विचारलं की या बॉलना सुक्या बोंबलाचा वास कसा येतो. मार्करकाकांनी शांतपणे सांगितलं की बाईसायब, विलायती बॉल हाय, त्यांना असाच वास येतो. बाईंना ते पटलं.

त्यांची खरी कला मात्र हरण्याची होती. ती मला फार लहानपणी उमगली आणि याबद्दल मला स्वतःचंच फार कौतुक होतं, कारण साहेबांना ती कधीच उमगली नाही. प्रत्येक साहेबाचा एक आकडा ठरलेला. जनरल मॅनेजर सहा-तीनने जिंकत. वर्क्स मॅनेजर सहा-चारने. अकाउंट्सचे मुख्य होते त्यांना सोपा विजय आवडायचा नाही, घाम गळाला पाहिजे, म्हणून ते सात-पाच, तेही आधी पाच-दोनने मागे पडून. सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणाला वरून बोलणी बसली असली तर त्याला त्या संध्याकाळी एक गेम जास्त मिळायचा. ही बातमी यांना कशी लागायची देव जाणे, बहुतेक ड्रायव्हर लोकांकडून. आणि साहेबाचा बॉल कुठेही पडो, तो आतच असायचा. रेघेच्या चार बोटं बाहेर पडलेल्या बॉलकडे बघून ते मान हलवत आणि म्हणत, ‘चुना उडाला, सायब.’ जिंकलेले साहेब टॉवेलने मान पुसत पॅव्हिलियनकडे जात आणि मार्करकाका खाली वाकून बॉल वेचत. नेटपाशी ते कधी येत नसत. हस्तांदोलन मेंबर-मेंबरांत.

एक नवे बदलून आलेले साहेब या प्रकाराने इतके हरभऱ्याच्या झाडावर चढले की त्यांनी मुंबईला कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेत नाव दिलं. आपण रोज एका प्रोफेशनलला हरवतो, असं ते सगळ्यांना सांगून गेले. पहिल्याच फेरीत कुणा बँकेच्या कारकुनाने त्यांना एक गेमही दिला नाही. परत आल्यावर ते मार्करकाकांवर भडकले. मार्करकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि काळजीच्या सुरात विचारलं की तिकडचा कोर्ट तिरपा होता की काय. हा किस्सा कॉलनीभर झाला. सगळ्यांत जास्त मी हसले होते. स्वतःच्या डोळ्यांतलं मुसळ न दिसणं म्हणजे काय, ते मला आता विचारा.

कामगारांच्या मुलांना कोर्टावर दुपारी दोन ते चार यायला परवानगी होती, म्हणजे ज्या वेळात बंगलेवाले आपली कुत्रीसुद्धा बाहेर सोडत नसत. मी अकरा वर्षांची असताना तिथे पहिल्यांदा गेले ती सावलीत बसायला. मार्करकाकांनी हातात एक जुनी रॅकेट दिली आणि समोरून बॉल टाकू लागले. तेवढंच. ‘शिकवतो’ वगैरे काही बोलले नाहीत. समोरच्या कोपऱ्यात एक करवंटी उपडी ठेवायचे. तिच्यावर बॉल बसला की काही न बोलता जाऊन करवंटी दुसरीकडे सरकवायचे. सहा वर्षं मी त्या करवंटीच्या मागे होते. शाबासकी नाही, रागावणं नाही. मी उशिरा रॅकेट मागे घेतली की एकच वाक्य यायचं, ‘पानी चढायच्या आधी जाला लागला पायजे, बाय.’ भरती यायच्या आत जाळं लावून ठेवणारी ही माणसं, त्यांना दुसरी उपमा कशाला सुचेल.

पंधराव्या वर्षी आम्ही दोघं सेट खेळू लागलो आणि मी जिंकू लागले. सहा-चार, सहा-चार, कधी सात-पाच. माझ्या मनात एकदाही आलं नाही की हाही एक ठरलेला आकडा आहे. मी साहेब नव्हते ना. माझ्या वडिलांना ते कशाला खूश करतील? साहेबांशी ते खोटं खेळतात आणि माझ्याशी खरं, असा माझा हिशेब होता, आणि त्या हिशेबावर मी मान ताठ करून शाळेत हिंडत होते. जिल्ह्याची स्पर्धा मी दोनदा जिंकले तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही.

याच सुमाराला क्लबाच्या टीव्हीवर विलायतेतल्या हिरवळीवरची फायनल दाखवत. रविवारी संध्याकाळी सगळी कॉलनी लोटायची. साहेब खुर्च्यांत, आम्ही सतरंजीवर, आणि मार्करकाका दाराच्या चौकटीला टेकून उभे. बसा म्हटलं तरी बसत नसत. एका वर्षी बरीच वर्षं गाजलेला जुना चॅम्पियन आणि एक अगदी कोवळा पोरगा समोरासमोर होते. पोरगा जिंकला, जमिनीवर लोळला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मार्करकाका टीव्हीकडे टक लावून, भूत पाहिल्यासारखे उभे होते. मग हळूच माझ्यापाशी वाकून त्यांनी विचारलं, ‘तो म्हातारा खराच हरला क?’

मी म्हटलं, म्हणजे काय काका, खराच हरला. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा विचारलं, कुणी हरायला सांगितलं नव्हतं त्याला? कुणी नाही, म्हटलं. यावर ते सायकल घेऊन निघून गेले. मी ही गंमत म्हणून घरी सांगितली आणि आम्ही सगळे हसलो. एवढं आयुष्य टेनिसमध्ये घालवलेल्या माणसाला हरणं खरं असू शकतं हे माहीत नसावं, याचं मला नवल वाटलं होतं. आता मला वाटतं, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. जगासमोर, एवढ्या मोठ्या कोर्टावर, कुणाची मर्जी न राखता हरू देतात आणि जिंकू देतात, याचं ते नवल होतं.

बारावीच्या वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला राज्याची स्पर्धा होती. वडील आणि मी माजिवड्याच्या नाक्यावर एसटी पकडून गेलो. तीन सामने मी सहज जिंकले आणि चौथ्यात राज्यातल्या दोन नंबरच्या मुलीशी सहा-चार, सात-पाच अशी हरले. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती. सामना संपल्यावर एक पंच वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, या मुलीला थांबवू नका, दोन वर्षं नुसती टेनिसला द्या, मग बघा. परतीच्या प्रवासात वडील खिडकीबाहेर बघत होते. मी मात्र त्या दोन वर्षांत कुठल्या कुठे पोचले होते.

जूनमध्ये निकाल लागला आणि माझे मार्क नको तेवढे चांगले आले. घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळत होती. फॉर्म सोमवारी टपालात पडायला हवा होता. तिकडे टेनिसचं कोर्ट नव्हतं, मुलींना संध्याकाळी सातनंतर होस्टेलबाहेर पाऊल टाकता यायचं नाही. म्हणजे जायचं तर खेळ सोडून जायचं, आणि खेळायचं तर ही जागा सोडायची, दोन्ही एका वेळी मिळणार नव्हतं. आईला खेळ म्हणजे पोरखेळच वाटायचा, तिने मत देऊन टाकलं. वडिलांनी दिलं नाही. त्यांना त्या पंचाचंही खरं वाटत नव्हतं. ते म्हणाले, ‘एक दिवस बघणाऱ्याचं काय घेऊन बसलीस? ज्याने तुला सहा वर्षं पाहिलंय त्याला विचार. तो खेळ म्हणाला तर मी फॉर्म फाडतो.’

असा बाप त्या काळी किती मुलींना मिळाला असेल? मला मिळाला होता, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मी क्लबावर गेले. पाऊस अजून लागला नव्हता. तो लागला की कोर्ट चार महिने बंद, म्हणून साहेब लोक शेवटचं खेळून घेत होते. ते गेल्यावर मी मार्करकाकांना गाठलं. ते सुपातले बॉल डब्यात भरत होते. मी फॉर्मचं, कॉलेजचं, वडिलांच्या बोलण्याचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘मी पुढे खेळू की नको, तुम्ही सांगा. पण खरं सांगा.’

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘खरा पायजे तुला?’

मी हो म्हटलं.

‘सकाली ये. सहाला.’

सकाळी मी गेले तर पहिला धक्का त्यांच्या पायांनी दिला. पायांत बूट होते. खिळ्यावरचे ते कोरे बूट, लेस घट्ट बांधलेल्या. अंगात बनियनऐवजी पांढरा सदरा. हातात नेहमीची रॅकेट नव्हती. कापडी पिशवीतून काढलेली दुसरी होती, तीही लाकडीच, पण तार नवी, ताणलेली. त्यांनी नाणं उडवलं. सहा वर्षांत आम्ही कधी नाणं उडवलं नव्हतं. सर्व्हिस त्यांच्याकडे आली.

पहिला बॉल मला दिसलाच नाही. खोटं सांगत नाही, मला वाटलं त्यांच्या हातून निसटला आणि कुठेतरी बाहेर गेला. वळून पाहिलं तर मागच्या जाळीला अडकला होता आणि रेघेवरचा चुना उडालेला होता. या माणसाची सर्व्हिस मी हजार वेळा घेतली होती. खांद्याच्या खालून ढकलल्यासारखी, देवाला फूल वाहावं तशी अलगद येणारी. ही ती नव्हती. ही कानाजवळून शीळ घालत गेली. दुसरी उसळून माझ्या डोक्याच्या उंचीवर आली, तिसरी मुरमावर पडून वर यायलाच तयार नाही. पहिला गेम संपला तेव्हा माझी रॅकेट बॉलला लागलीसुद्धा नव्हती.

मग मी माझे फटके मारायला लागले. जे फटके मारून मी त्यांना दोन वर्षं हरवलं होतं, तेच. ते सगळे त्यांना आधीच माहीत होते. असणारच, त्यांनीच दिलेले होते. मी उजवीकडे मारावं तर ते उजवीकडे उभे. मी डावीकडे मारावं तर ते डावीकडे पोचलेले, रॅकेट मागे घेऊन, जाळं लावून. पंचावन्नच्या पुढचा माणूस धावताना दिसतच नव्हता, पण प्रत्येक बॉलच्या आधी तिथे हजर होता. माझ्या बॅकहँडला जरा उंच बॉल आवडत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या सकाळी ते मला नीट कळलं. मी पुढे आले की डोक्यावरून लॉब, मागे गेले की नेटपाशी अगदी मेल्यासारखा पडणारा ड्रॉप.

आणि दुसऱ्या सेटमध्ये माझा एक चांगला फटका रेघेच्या दोन बोटं बाहेर पडला तेव्हा ते म्हणाले, ‘आउट.’

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीही ऐकला नव्हता. कुणाच्याच बॉलला. मला तो थोबाडीत बसल्यासारखा लागला. म्हणजे माझे किती बॉल सहा वर्षांत आउट होते? म्हणजे सहा-चार हा माझा आकडा होता, जसा जनरल मॅनेजरचा सहा-तीन? तो कारकुनाकडून मार खाल्लेला साहेब मला आठवला आणि माझे कान तापले. शेवटच्या गेमला मी जीव खाऊन खेळले. तो गेम बराच वेळ संपेना. पण संपला तो त्यांच्याच बाजूने.

सहा-शून्य, सहा-शून्य.

मार्करकाका धापा टाकत होते. सदरा पाठीला चिकटला होता. तोंडभर हसत होते, आणि त्यांना असं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. मला ते हसणं छद्मी वाटलं. ते चालत नेटपाशी आले आणि त्यांनी नेटवरून हात पुढे केला. मी तो हात पाहिला. मी माझी रॅकेट पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली आणि चालू लागले. मागून त्यांनी एकदा हाक मारली, ‘बाय.’ मी वळले नाही. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

घरी येऊन मी वडिलांना म्हटलं, फॉर्म टाका. ते काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको म्हणाले. वडिलांनी फॉर्म पाकिटात घालून वर पत्ता लिहिला. सोमवारी फॉर्म गेला. महिन्याभरात मी गेले. रॅकेट माळ्यावर गेली.

इंजिनिअरिंगच्या सुट्ट्यांत मी घरी यायचे तेव्हा क्लबाकडे फिरकायचे नाही. एकदा नाक्यावर ते समोरून सायकलने आले. त्यांनी मला पाहिलं, पाय टेकवला. मी औषधाच्या दुकानात शिरले आणि नको असलेली खोकल्याची गोळी विकत घेऊन ते जाईपर्यंत आत थांबले. मला त्यांचा राग होता. त्यांनी खरं सांगितलं याचा नाही, ते तर मीच मागितलं होतं. पण दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तुझ्यात ते नाही, बाय, असं म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. असं फडक्यासारखं धोपटून, वर हसायचं कशाला? दोन वर्षं खोटं जिंकवून मग एका सकाळी सगळं काढून घेणं मला क्रूर वाटत होतं. नंतर कारखाना रडतखडत चालू लागला, वडील रिटायर झाले, आम्ही वर्तकनगर सोडलं. मार्करकाकांचं पुढे काय झालं मला माहीत नव्हतं आणि मी ते माहीत करूनही घेतलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन डोंबिवलीला आले होते आणि तिथल्याच एका कंपनीत डिझाइनला होते. आमच्या मॅनेजरला माझ्या जुन्या अर्जात ‘टेनिस, जिल्हा विजेती’ अशी ओळ सापडली आणि त्यांनी मला न विचारता कंपन्यांच्या स्पर्धेत माझं नाव घातलं. स्पर्धा कल्याणच्या एका क्लबावर होती. दहा वर्षांनी रॅकेट हातात घेतली. एक सामना जिंकले, दुसरा हरले, आणि गुडघे धरून कोर्टाशेजारच्या शेडमध्ये बसले. तिथे क्लबाचा म्हातारा मार्कर कुणाची तरी रॅकेट विणत होता. पाणी दिलं, कुठल्या तुम्ही म्हणून विचारलं. आत्ता डोंबिवली, पण मूळ वर्तकनगर, असं मी म्हटलं आणि कारखान्याचं नाव सांगितलं.

त्याने हातातली तार खाली ठेवली. म्हणाला, तिथे आमचा चॅम्पियन होता.

मला वाटलं कुणी साहेब असेल. तो म्हणाला, साहेब कसला, कळव्याचा कोळी, मार्कर. मग त्याने सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत देते. पूर्वी मार्करांना मोठ्या स्पर्धांत उतरता येत नसे. साहेब लोक हौशी, आणि मार्कर पगार घेऊन खेळणारा, म्हणजे प्रोफेशनल, म्हणून त्याला बंदी. मग या मंडळींची वर्षातून एकदा आपापसांत स्पर्धा व्हायची, बघायला ड्रायव्हर, खानसामे आणि माळी. तिथे कळव्याच्या या माणसाने सलग सहा वर्षं कुणाला एक सेटही दिला नव्हता. देशातले नावाजलेले खेळाडू सरावासाठी त्याच्याकडे यायचे आणि क्लबाचं फाटक बंद करून खेळायचे, कारण त्यांना हरताना कुणी बघायला नको असायचं. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. अशा माणसाकडून मी सहा-शून्य हरले होते, आणि हरले म्हणून माझ्यात काही नाही असं मी ठरवलं होतं.

कसे आहेत ते, मी विचारलं. मागच्या वर्षी गेला, तो म्हणाला.

थोड्या वेळाने तो आपणहून बोलू लागला. ‘आमच्यात एक आहे, मॅडम. मेंबरशी हरायचं. ती नोकरी आहे. पण मार्कर मार्करशी खेळला तर जीव तोडून खेळायचं. तिथे मुद्दाम एक पॉइंट जरी सोडला तरी तो समोरच्याचा अपमान. त्या क्लबातल्यांपैकी तो आयुष्यात एकाशीच खरा खेळला. तेही एका मुलीशी. आम्ही हसायचो त्याला, पोरीशी काय खरं खेळतोस म्हणून. तर म्हणायचा, शेवटच्या गेमला तिने माझ्याकडून तीन वेळा ड्यूस काढला. माझ्या पायांत गोळे आले. ही दोन वर्षांत माझ्या पुढे जाईल.’

तीन वेळा ड्यूस, म्हणजे तीन वेळा चाळीस-चाळीस अशी बरोबरी. मला ते आठवतच नव्हतं. मी दहा वर्षं फक्त शून्य धरून बसले होते.

त्याने पुन्हा तार हातात घेतली. म्हणाला, ‘तुम्ही तिथल्याच, तुम्हाला माहीत असेल. काय झालं त्या मुलीचं? दुसऱ्या दिवशीपासून शिकवायला सुरुवात करणार होता तिला. पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी रेघा मारून बसायचा. आली नाही म्हणे.’

मी म्हटलं, ती मीच.

त्याने माझ्याकडे वर पाहिलं. माझे सुजलेले गुडघे, कुणाची तरी मागून आणलेली रॅकेट. त्याला खरं वाटलं की नाही कोण जाणे. मग हलक्या आवाजात विचारलं, ‘मग गेला का नाहीत?’

‘मला वाटलं त्यांनी नको म्हटलं,’ मी म्हणाले. ‘मी त्यांना विचारलं होतं, खेळू की नको. त्यांनी मला एकही गेम दिला नाही.’

त्याने तार ताणून गाठ मारली. विणत राहिला. शेवटी म्हणाला, ‘नको म्हणायचं असतं, तर त्याने तुम्हाला जिंकवलं असतं, मॅडम.’